सुशील ऋणको कसे व्हावे

ज्याने आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नाही, कारण कुणाकडून कधी घेतलाच नाही, अशा सद्गृहस्थाची पत सिबिलच्या दफ्तरी शून्यसुद्धा नसते. त्याच्या अहवालात 300 ते 900 यांमधल्या आकड्याच्या जागी उणे एक, किंवा 'इतिहास नाही' अशा अर्थाचा शेरा येतो. त्याचा पगार, मुदत ठेवी, विम्याचे न चुकलेले हप्ते, बायकोच्या पाटल्या, यांतलं काहीही तिथे धरलं जात नाही. विचारलं जातं ते एवढंच की कर्ज किती घेतलं आणि कसं फेडलं. म्हणजे हा स्कोअर श्रीमंती मोजत नाही आणि काटकसर तर नाहीच नाही. कर्जदार म्हणून आपला सराव किती, हे मोजतो. तेव्हा गृहकर्ज हवं असेल, तेही कमी व्याजाने, तर पहिलं कलम असं : गरज नसताना उधारी करावी, दरमहा करावी, आणि कुणी मागण्याआधी फेडून टाकावी.

ऋण काढून सण करू नये अशा संस्कारात वाढलेल्यांना हे अधर्मासारखं वाटेल. त्यांचा आक्षेप अगदीच टाकाऊ नाही, पण जुनी पद्धत फार सात्त्विक होती असंही समजू नये. पतसंस्थेचं कर्ज काढायचं तर दोन जामीनदार धरून आणावे लागत आणि मॅनेजरशी ओळख असली की कागद लवकर सरकत. 2000 साली सिबिल स्थापन झाली, 2005 साली पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा झाला. या यंत्रणेला तुमचं आडनाव, गाव, मामांचा हुद्दा यांच्याशी कर्तव्य नाही, हा तिचा मोठा गुण मान्य केला पाहिजे. (जामीनदार राहणाऱ्यांनी मात्र सावध असावं. मित्राने हप्ते थकवले की ते जामीनदाराच्याही अहवालात उमटतात. मैत्री नोंदवण्याचा रकाना अजून निघालेला नाही.)

आता या दरमहाच्या उधारीसाठी क्रेडिट कार्ड मिळवणं. ज्याला इतिहास नाही त्याला कार्ड नाही आणि कार्ड नाही म्हणून इतिहास नाही, या पेचावर बँकांनी तोडगा काढला आहे : स्वतःचीच मुदत ठेव तारण ठेवून कार्ड घ्यावं, म्हणजे आपल्याच पैशाच्या भरवशावर बँकेकडून उधारी करावी. कार्ड हाती आल्यावर अंथरूण पाहून पाय पसरावेत या शिकवणीत थोडी दुरुस्ती लागते. कंपनी लाखाचं अंथरूण घालून देते, पण जाणकार सांगतात की पाय तीस हजारांपाशी आवरावेत. ऐंशी हजार खर्चून पै न् पै मुदतीत भरली, तरी कंपनीने सिबिलला बाकी कळवण्याच्या दिवशी ऐंशी हजार दिसले तर माणूस हपापलेला ठरतो. 1 जानेवारी 2025 पासून ही माहिती महिन्यातून निदान दोनदा कळवावी लागते, म्हणून मोठी खरेदी झाली की बिलाची वाट न पाहता पैसे भरून टाकावेत. कंपनीने लिमिट वाढवायला संमती मागितली तर तीही द्यावी आणि खर्च होता तिथेच ठेवावा. तीस हजारांची उधारी दोन लाखांवर पंधराच टक्के दिसते. उत्पन्न तेच, खर्च तोच, आणि शहाणपण एका एसएमएसने दुप्पट! मोह होईल म्हणाल, तर अ‍ॅपमध्ये व्यवहाराची मर्यादा हवी तितकी खाली आणता येते. मोठं लिमिट सिबिलला दाखवायला, छोटं आपल्याला आवरायला.

सगळ्यात अवघड परीक्षा बिलावरच्या 'किमान देय रक्कम' या प्रेमळ ओळीची. लाखाची बाकी असली, किमान रक्कम पाच टक्के धरली, तर पाच हजार भरून सुटका. व्याज महिना साडेतीन टक्के धरलं तर साडेतीन हजार, त्यावर अठरा टक्के जीएसटीचे 630. पाच हजारांतून मुद्दल हललं 870 रुपयांनी. शिवाय बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते, त्यामुळे त्या महिन्याच्या किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज. यावर कुणी म्हणेल की मग स्कोअर धाडकन पडत असेल. इथेच खरी गंमत आहे. किमान रक्कम वेळेवर भरली तर अहवालात थकलेल्या दिवसांपुढे शून्यच लागतं. बाकी फुगल्याचा फटका बसतो, पण थकबाकीदार असा बट्टा लागत नाही. उलट, सगळे पैसे जवळ असून केवळ विसरल्यामुळे मुदतीनंतर तीन दिवसांहून अधिक उशीर झाला, की तो थकबाकी म्हणून नोंदवता येतो. घर धुऊन निघालेला ऋणको नियमित आणि विसराळू सुखवस्तू बेजबाबदार, असा हा न्याय. धनकोच्या बाजूने पाहिलं तर तो चोख आहे, कारण स्कोअर त्याच्यासाठीच बनवलेला आहे. आपल्या खिशाची काळजी त्याने घ्यावी अशी अपेक्षाच चुकीची. म्हणून पूर्ण बिलाचं ऑटोपे लावावं. किमान रकमेचं लावणाऱ्याने निदान वरची 870 रुपयांची वजाबाकी आरशाला चिकटवून ठेवावी.

बाकी किरकोळ पथ्यं. कार्डाने एटीएममधून रोख काढू नये, तिला बिनव्याजी मुदत नसते. एका महिन्यात पाच बँकांकडे अर्ज करू नयेत, प्रत्येक चौकशीची नोंद राहते. जुनं, फी नसलेलं कार्ड उगीच बंद करू नये. थकलेलं बिल अर्ध्यात मिटवून देणाऱ्या वसुलीवाल्याचे आभार मानताना लक्षात असावं, की तडजोडीचा शेरा अहवालात बरीच वर्षं राहतो.

स्वतःचा अहवाल पाहिल्याने स्कोअर उतरतो ही समजूत मात्र खोटी. सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चौघींनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तो बारकाईने वाचावा. भलत्याचं कर्ज आपल्या नावावर निघू शकतं. चूक सापडली तर तक्रार करावी. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देय होते, म्हणजे आपण काही काळ चक्क धनको होतो. समोरच्या ऋणकोचा स्कोअर किती, हे पाहायची सोय मात्र अजून कुठल्या अ‍ॅपमध्ये नाही.