ओळखा, पण नोंद घेऊ नका

सोलापूरहून तुळजापूरला निघालं की साधारण अर्ध्या वाटेवर तामलवाडीचा टोलनाका लागतो. सरकारच्या लेखी ते राष्ट्रीय महामार्ग ५२ वरचं पैसे गोळा करण्याचं ठिकाण आहे. आमच्या लेखी ते जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं कलादालन आहे. तिकीट फास्टॅगमधून आपोआप कापलं जातं, रांग मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि पुढच्या गाडीचा मागचा भाग डोळे भरून बघायला मिळतो. एवढ्या सवडीनं लोक अजिंठाही बघत नसतील.

नमुन्यादाखल एक पांढरी एसयूव्ही घ्या. पासिंग एमएच २५, म्हणजे धाराशिवच्या आरटीओचं. पण नंबरप्लेटवर काळी चकचकीत फ्रेम, फ्रेमला धुरकट ॲक्रिलिकचं झाकण, झाकणाच्या डाव्या कडेला निळी पट्टी, पट्टीत बारा पिवळ्या ताऱ्यांचं वर्तुळ आणि त्याखाली इंग्रजी ‘डी’. हा डी जर्मनीचा. युरोपीय संघानं १९९८ साली नियम करून सदस्य देशांच्या गाड्यांसाठी ही निळी पट्टी ठरवली, त्यात जर्मनीच्या वाट्याला डी आला. मालकाला मात्र हे सांगायला जाऊ नका. “डी म्हणजे धाराशिव!” असं तो छातीठोकपणे सांगेल, आणि आपल्याकडे उत्तर नसेल. आपल्या जिल्ह्याच्या नामांतराची तयारी युरोपनं इतकी वर्षं आधी करून ठेवली होती, हे मात्र आम्हालाही ठाऊक नव्हतं. तारे तेवढे जास्त झाले. ते बारा आहेत आणि जिल्ह्यात तालुके आठच. उरलेले चार बहुधा सोलापूर जिल्ह्यातून ओढायचे असतील.

तर ही गाडी कागदोपत्री धाराशिवची, झाकणावरून जर्मनीची, आणि चिखलावरून काटी गावच्या शिवारातली. तिच्या मागं दुबईवाली उभी. अरबी आकडे, अरबी अक्षरं, सगळं सोनेरी. मालकाचा कुणीतरी भाचा तिकडं आहे म्हणे. दुबईत नंबरप्लेटचं वेड आपल्यापेक्षा जुनं आणि महाग. २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथं ‘पी ७’ हा नंबर लिलावात साडेपाच कोटी दिरहमला गेला, म्हणजे आपले १२० कोटींच्या वर. पण तिथल्या त्या बोलीत आणि आपल्या इथल्या हौसेत एक फरक आहे. तिथं माणूस पैसे मोजून स्वतःचा नंबर घेतो. इथं आपण पैसे मोजून स्वतःचा नंबर झाकतो.

हा माल मिळतो कुठं? कुठल्याही ॲक्सेसरीजच्या दुकानात किंवा रेडियमवाल्याकडं. आम्ही एका रेडियमवाल्याला चौकशीखातर विचारलं, “हे कायद्यात बसतं का हो?” तो लिंबू-मिरचीचं स्टिकर कापत होता. मान वर न करता म्हणाला, “सायेब, लावणं आमचं काम, धरणं त्यांचं काम. मधी आपण कशाला पडायचं?” भारतीय संघराज्यातल्या सत्ताविभाजनाची एवढी नेमकी मांडणी आम्ही राज्यशास्त्राच्या पुस्तकातही वाचली नव्हती.

कायदा तसा कोड्यात बोलत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधले ५० आणि ५१ हे दोन नियम उघडा. पाटी किती लांब-रुंद, अक्षरं किती उंच, किती जाड, दोन अक्षरांत अंतर किती, सगळं मिलिमीटरमध्ये. मोटारगाडीला अक्षराची उंची ६५, जाडी १० आणि मधलं अंतर १०. अक्षरं इंग्रजी, आकडे इंग्रजीत लिहितो तसे. खासगी गाडीला पांढऱ्यावर काळे, भाड्याच्या गाडीला पिवळ्यावर काळे, विजेवरच्या गाडीला हिरवी पाटी. पाटीवर वाघ, तलवार, मिशा, मुकुट, बाण, ‘आईची कृपा’ आणि पतसंस्थेचं बोधचिन्ह यांसाठी जागा ठेवायचं नियमकर्त्यांच्या लक्षातच आलं नाही. आणि या ठरलेल्या पाटीवर नंबर झाकेल किंवा अंधुक करेल असं काहीही चढवलं, की कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपये दंड, पुढच्या वेळी १५००. फ्रेम विकणारा हे आकडे सांगत नाही. तो ‘इंपोर्टेड’ एवढंच सांगतो.

आता गंमत अशी, की ज्या निळ्या पट्टीसाठी आमची पोरं पैसे खर्च करतात, तिच्यासारखी निळी खूण सरकार स्वतःच देतं. उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजे लोकांच्या तोंडची एचएसआरपी, बघितलीत ना? ॲल्युमिनियमचा पत्रा, डाव्या अंगाला निळ्या रंगात ‘आयएनडी’, वर अशोकचक्राचा चकाकता होलोग्राम, पत्र्यावर लेझरनं कोरलेला न पुसणारा क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं स्नॅप लॉक. चेहरामोहरा पाहिला तर युरोपच्या पाटीची चुलत बहीणच. म्हणजे परदेशी थाट अधिकृतपणे, होलोग्रामसकट, कारसाठी ७४५ रुपये अधिक जीएसटीत सरकार दारात आणून देतंय. दुचाकीला आणि ट्रॅक्टरला तर ४५० च. पण सरकारी मांडवातला लाडू कुणाला गोड लागलाय? आम्ही ती पाटी घेतो, बसवून घेतो, आणि तिथून थेट ॲक्सेसरीजच्या दुकानात जाऊन तिच्यावर नकली निळी पट्टी चढवतो. खऱ्या दागिन्यावर बेन्टेक्सचा मुलामा.

या पाटीची जन्मकथाही सांगण्यासारखी आहे. नियमात तिची तरतूद २००१ साली झाली. त्यानंतर राज्यं आणि केंद्र एकमेकांकडं बघत बसली, न्यायालयानं कान उपटले, समित्या बसल्या, निविदा उठल्या. नव्या गाड्यांना ती सक्तीची झाली १ एप्रिल २०१९ पासून. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्रानं मुदत दिली ३१ मार्च २०२५. मग एप्रिल अखेर. मग जून अखेर. मग स्वातंत्र्यदिन. मग नोव्हेंबर. मग ३१ डिसेंबर. दर मुदतीला ‘ही अंतिम’ म्हणायचं आणि शेवटच्या आठवड्यात पुढची अंतिम जाहीर करायची. ज्यानं पहिल्याच मुदतीत रांगेत उभं राहून पाटी बसवली, त्याला गावात बावळट म्हणतात. त्याचं म्हणणं कुणी ऐकूनही घेत नाही, कारण तो टोलसुद्धा भरतो.

बरं, नुसतं झाकणं हा नवशिक्यांचा प्रकार. जुने-जाणते नंबर घेतानाच वाचकाचा विचार करतात. ४१४१ घ्यायचा आणि रंगवताना असा वळवायचा की ‘दादा’ वाचलं पाहिजे. ४९१२ चा ‘पवार’ होतो, २१४ चा ‘राम’ आणि ८०५५ चा इंग्रजी ‘बॉस’. तामलवाडीच्या रांगेत उभं राहिलं तर एका रांगेत दोन दादा, तीन बॉस आणि एक राम सहज सापडतात. राम बिचारा बहुतेक टमटमवर असतो.

जर्मनांचं डोकं नेमकं उलट्या दिशेनं चालतं. ज्यांच्या झाकणाची आम्ही नक्कल करतो, त्या जर्मनीनं १९९० च्या दशकात नंबरप्लेटसाठी खास वळणाची अक्षरं आणली. प्रत्येक अक्षर आणि आकडा मुद्दाम असा बेढब, की रंगाच्या एका फटकाऱ्यानं ‘पी’ चा ‘आर’ करता येऊ नये, ‘एफ’ चा ‘ई’ होऊ नये, तीनाचा आठ होऊ नये. म्हणजे त्यांनी आकड्याचं अक्षर तर सोडाच, आकड्याचा दुसरा आकडाही होऊ दिला नाही. आमच्याकडं हा उद्योग चार डब्या रंगावर चालतो. आम्ही त्यांची पट्टी घेतली, तारे घेतले, डी घेतला. त्यांनी ज्यासाठी हे सगळं केलं तेवढं मात्र तिकडंच राहू दिलं.

तीनाचा आठ ही थट्टा नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेलजवळ एकाच नंबरच्या दोन मोटारी समोरासमोर आल्या आणि पोलिसांची धावपळ उडाली. ज्या शहरानं २००८ पाहिलंय, त्या शहरात ताजसमोर असं काही घडलं की कुणाच्याही पोटात गोळा येणारच. उलगडा काय झाला? एकानं गाडीच्या कर्जाचे हप्ते थकवले होते. वसुलीवाल्यांना गुंगारा द्यायला त्यानं नंबरातल्या शेवटच्या तीनाचा आठ केला. आठवाला खरा मालक मात्र आपण कधी गेलोच नाही अशा ठिकाणची ई-चलनं घरी बसून गोळा करत होता. झाकणवाल्यांच्या हौसेला ‘कुणाचं काय बिघडतंय’ म्हणणाऱ्यांनी त्या माणसाला एकदा विचारावं.

या सगळ्यात शासनाला मात्र आम्ही दोष देणार नाही. शासनालाही हौस कळते. २०२४ मध्ये पसंतीच्या नंबरांचे दर वाढले, तेव्हा चारचाकीच्या ०००१ चं शुल्क तीन लाखांवरून पाच लाख झालं, मुंबई-पुण्याकडं सहा लाख. शासनाचं म्हणणं सरळ आहे. मिरवायचंय तर मिरव, पण पावती फाड. आमच्या भागातल्या मंडळींना पावती हा प्रकारच जाचक वाटतो, म्हणून ते ‘महाराष्ट्र शासन’ अशी पाटीच काचेत ठेवतात. एक मे २०१७ पासून लाल दिवे निघाले, मंत्र्यांचेसुद्धा. दिव्याची हौस मात्र निघाली नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याच्या खासगी ऑडीवर दिवाही दिसला आणि शासनाची पाटीही. परिविक्षा म्हणजे नोकरी अजून पक्की व्हायची असते. गाडी आधीच पक्की झाली होती.

आता नाक्यावरचा प्रसंग. कॅमेरा नंबर वाचायला जातो, त्याला बारा तारे आणि ॲक्रिलिकवरची चमक दिसते. फास्टॅगमध्ये शिल्लक नसते. खिडकीतला पोरगा, वय वीस-बावीस, जवळच्याच गावचा, विनयानं विचारतो, “सर, गाडीचा नंबर काय?” काच चार बोटं खाली येते. आतून आवाज येतो, “ओळखलं न्हाईस का मला?” पोरगं गप्प. “नाव काय तुजं? कुणाचा तू?” पोरगं नाव सांगतं, गाव सांगतं, बापाचं नाव सांगतं. दोन मिनिटांत त्याची सात-बारासकट ओळख पटते. गाडीची अजून पटलेली नसते.

आमच्या मते या सगळ्या फ्रेमांचं आणि झाकणांचं मूळ इथं आहे. गाडीतल्या माणसाला गावानं, नाक्यानं, चौकानं, लांबून येतानाच ओळखावं अशी फार इच्छा असते. पण कॅमेऱ्यानं, आरटीओनं, बँकेनं आणि धडक दिलेल्या दुचाकीवाल्यानं अजिबात ओळखू नये. पाटी ही गाडीवरची एकमेव वस्तू अशी आहे, जी मालकासाठी नसते. टप, टायर, सीट कव्हर, म्युझिक सगळं त्याचं. पाटी मागून येणाऱ्याची. रात्री अकरा वाजता महामार्गावर कुणी उडवून गेला, तर रस्त्यात पडलेल्याच्या कामी येणारी गाडीवरची ती एकच गोष्ट. तिच्यावर जर्मनीचा डी चढवून आम्ही काय मिळवतो, हे त्या पडलेल्याला सांगायची हिंमत आमच्यात तरी नाही.

कोजागरीला सोलापूरहून लाखो माणसं याच रस्त्यानं पायी तुळजापूरला जातात. तेवढ्यापुरती गाड्यांची वाट वळवलेली असते. रात्रभर ‘आई राजा उदो उदो’ चालू असतं आणि कुणीच कुणाला ‘मला ओळखलं नाहीस का’ म्हणून विचारत नाही. चपला घातलेल्या नसतात, पाट्या तर दूरच.

असो. शासनाच्या योजनेकडं तरी लक्ष द्या. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी गाड्यांना राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास मिळू लागला, तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. हा पास गाडीच्या नोंदणी क्रमांकाशी बांधलेला असतो. त्यात जर्मनीची सोय नाही, दुबईची नाही, दादाची तर नाहीच. तेव्हा नवरात्रात आईच्या दर्शनाला निघणार असाल, तर घरातून निघण्याआधी एक स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि पुढचं-मागचं झाकण उतरवा. ॲल्युमिनियमच्या पाटीला हात लावू नका. तिचं कुलूप तोडून वेगळाच गुन्हा करून बसाल. झाकण मात्र दोन स्क्रूंवर असतं, पाच मिनिटांत निघतं.