क्रॅकदादा

२००२-०३च्या सुमारास प्रत्येक सोसायटीत एक क्रॅकदादा असे. लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून आणलेल्या काँप्युटरमध्ये विंडोज टाकायला त्यालाच बोलवावं लागे. सॅकमधून सीडींचं पाऊच निघे आणि पाठोपाठ पहिलं वाक्य : "काका, अँटिव्हायरस बंद करा. उगाच घाबरतो तो."

एक्सपीची 'एफसीकेजीडब्ल्यू'ने सुरू होणारी पंचवीस अक्षरी की तो रामरक्षेसारखी घडाघडा म्हणे. "मोठ्या कंपन्यांसाठीची की आहे, ॲक्टिव्हेशनच मागत नाही! २००१ला एक्सपी दुकानात यायच्या महिनाभर आधीच फुटली." विंडोज ९५चं कुलूप तर त्याच्या मते पोरखेळ. की म्हणून ओळीने दहा वेळा एक टाका. शेवटच्या सात आकड्यांच्या बेरजेला सातने भाग गेला की झालं. सोसायटीतली पोरं विभाज्यतेच्या कसोट्या शिकली ती अशी.

खोट्या की बनवून देणारं कीजेन उघडलं की स्पीकरमधून टुणटुण संगीत सुरू होई. आजी विचारत, "कसला गेम रे?" दादा हात वर करी. "थांबा आजी, एवढं सगळं क्रॅक करणाऱ्यांनी काही केबीत बसवलंय." मग सोबतची एनएफओ फाइल : अक्षरांची नक्षी, मित्रगटांना नमस्कार, प्रतिस्पर्ध्यांना टोमणे. १९८५मध्ये नॉर्वेत सुरू झालेला 'रेझर १९११' हा क्रॅक करणाऱ्यांचा गट म्हणजे दादाचं घराणं. "ही मंडळी पैशासाठी करत नाहीत. नाव झालं पाहिजे, बस!"

म्हणून दादाही पैसे घेत नसे. कांदेपोहे चालत. विनरारची चाळीस दिवसांची ट्रायल संपली तरी ते बिनबोभाट चालतं, हे ठाऊक असूनही तो त्याला क्रॅक मारीच. "चालतं हो, पण दर वेळी खिडकी येऊन आठवण करून देते. घरात चार पाहुणे असतात, बरं दिसतं का?"

नावाचा सोस मात्र त्यालाही होता. विंडोज टाकताना मालकाचं नाव विचारलं, की तो स्वतःचं नाव टाकी, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासह. 'संस्था' या रकान्यात सोसायटीचं नाव, पुढे 'मर्यादित' आणि कंसात रजिस्ट्रेशन नंबर. बेकायदा कामाची एवढी चोख नोंद आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी कायदेशीर कामाचीही कधी ठेवली नाही.