ऐपत

बँकेच्या कर्जखात्यात मी तीस वर्षं काढली. माझ्या टेबलासमोर बसून किती जामीनदारांनी सह्या केल्या असतील, मोजदाद नाही. 'काही नाही हो, नुसती फॉर्मॅलिटी असते,' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की निरोप समारंभात आमच्या शिपायानं माझी नक्कल केली ती तेवढ्याच वाक्याची. स्वतः मात्र मी जन्मात कुणाला जामीन राहिलो नाही. हलवाई स्वतःच्या दुकानातला पेढा खात नाही, तसंच.

तरीही अप्पाला पोलीस घेऊन गेल्याचा फोन आला, तेव्हा 'मी बघतो' असं मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो.

अप्पा माझा शाळेपासूनचा मित्र. गणपतीत मंडळाच्या मांडववाल्याला यानं स्वतःच्या खात्याचा चेक दिला. तो वटला नाही. मांडववाल्यानं केस घातली. चेकची केस जामीनपात्र. पहिल्या तारखेला साहेब जातमुचलक्यावर सुटले. पुढच्या चार तारखांना मात्र गेलेच नाहीत. एकीला वारीत होता, एकीला भाचीचं लग्न, उरलेल्या दोन त्याला आठवत नाहीत. शेवटी मॅजिस्ट्रेटांनी अजामीनपात्र वॉरंट काढलं. हवालदार आला तेव्हा अप्पा गच्चीवर कुरडयांची राखण करत बसला होता. कावळे सुटले, हा सापडला.

त्याच्या वकील म्हणजे आमच्याच आळीतली तरुण मुलगी. तिनं फोनवर सांगितलं, "काका, पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार. पाचच्या आत. नाहीतर अप्पाकाका आज सबजेलला."

"रोख भरू की!"

"विचारलं मी. साहेब म्हणाले, चार तारखा चुकवणाऱ्यामागे पैसा नको, माणूस उभा करा."

टेक्सासमधला माझा भाचा तेवढ्यात ऑनलाइन दिसला. तिकडे मध्यरात्र उलटली होती, पण जागा होता. म्हणाला, "मामा, सोपं आहे. कोर्टाजवळ एजंटची दुकानं असतात, रात्रभर उघडी. रकमेच्या दहा टक्के द्यायचे, बाकीची हमी तो घेतो. ते दहा टक्के परत मिळत नाहीत, एवढंच." मी हिशोब केला. दीड हजार. हा धंदा अमेरिका आणि फिलिपिन्स सोडले तर जगात जवळपास कुठेच कायदेशीर नाही, अमेरिकेतही केंटकीनं तो 1976 मध्येच बंद केला आणि इलिनॉयनं 2023 मध्ये पैशांचा जामीनच काढून टाकला, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं.

कारण कोर्टाच्या फाटकावर मी थेट ड्युटीवरच्या पोलिसालाच विचारलं, "इथे जामिनाचे एजंट कुठे बसतात हो?"

त्यानं मला चपलांपासून टकलापर्यंत न्याहाळलं. "कुणी पाठवलं तुम्हाला?"

मी घाईनं आत सटकलो. कडुनिंबाखालून एक गृहस्थ उठून मागोमाग आले आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. "दोन हजार. आधार, रेशनकार्ड, घरपट्टी सगळं आपलं. साहेबांसमोर उभा पण मीच राहणार." त्यांनी प्लॅस्टिकची फाइल उघडून दाखवली. मिशी आणि नाव, दोन्ही कार्डागणिक बदलत होतं. पण कागद इतके नेटके, एकेक लॅमिनेट केलेला, की हा माणूस माझ्या टेबलाशी आला असता तर मी दहा मिनिटांत प्रकरण मंजूर केलं असतं. कदाचित केलंही असेल. मी घासाघीस करून आकडा दीड हजारावर आणला आणि पाचशेची नोट विसार म्हणून काढली. इतक्यात माझं मनगट कुणीतरी धरलं.

"काका," वकीलबाई दातओठ खात म्हणाल्या, "ही नोट दिलीत तर संध्याकाळी मला दोन जामीनदार शोधावे लागतील."

मग त्यांनी मला झाडापासून लांब नेऊन धडा दिला. पैसे घेऊन जामीन राहायचा करार आपल्याकडे मुळात रद्दबातल, आणि खोटे कागद कोर्टात दिले तर सरळ गुन्हा. शिवाय आजवर किती जणांना जामीन राहिलात, हे जामीनदाराला लिहून द्यावं लागतं. कडुनिंबवाल्यांनी तो रकाना खरा भरला असता तर पुरवण्या जोडाव्या लागल्या असत्या.

"मग तुम्हीच राहा ना," मी म्हणालो.

"वकिलाला स्वतःच्या अशिलाचा जामीन राहता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. तुम्हीच राहा. ऐपत दाखवायला काय आहे?"

मला हसू आलं. तीस वर्षं लोकांची ऐपत मी ठरवली, आणि ही पोर मला विचारते! मी ऐटीत म्हटलं, "पेन्शन."

"त्यावर जप्ती येत नाही. तुमच्यासाठी ते चांगलंच, पण कोर्टाला त्याचा काय उपयोग? घर?"

घर 2021 मध्ये घेतलं. बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट, म्हणून हिच्या नावावर. ती युक्ती मी तेव्हा सोसायटीत चौघांना सांगून श्रेय लाटलं होतं. ठेवी? कर वाचवायला त्याही हिच्याच नावावर. उरला गावचा सातबारा. तो मोबाइलवर काढला. अकरा गुंठे, एकोणीस नावं. माझ्या वाट्याला साधारण सहाशे तीस चौरस फूट, तेही कातळ.

"जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे, चालेल?" मी विचारलं.

"त्याची काळजी नको. 1978 मध्ये मोतीराम नावाच्या एका गवंड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मॅजिस्ट्रेटनं जामीन नाकारला. सुप्रीम कोर्टानं त्याला हजाराच्या जातमुचलक्यावर सोडलं." बोलता बोलता त्यांनी स्क्रीन खाली सरकवला. "पण इतर हक्कांत हा बोजा कसला?"

चुलतभावानं काढलेलं सोसायटीचं पीककर्ज. तारणाचा बोजा शोधण्यात हयात गेली, आणि माझ्याच सातबाऱ्यावरचा मला एका मुलीनं शोधून दिला.

"थोडक्यात," त्या फाइल मिटत म्हणाल्या, "काकूंना बोलवा."

ही रिक्षानं आली ती साडेतीनला. पिशवीत कंदी पेढ्यांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या, सगळ्या वर्षवार, रबर लावून. दोन पासपोर्ट फोटोही होते. "असू द्यावेत," ती म्हणाली. टायपिस्टनं प्रतिज्ञापत्र बडवलं. आजवर किती जणांना जामीन राहिलात, या रकान्यात तिनं ठसठशीत 'कोणालाही नाही' लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

साडेचारला पुकारा झाला. मागच्या बाकावर हवालदाराशेजारी अप्पा तुळशीची माळ चाचपत बसला होता.

"आरोपीला किती वर्षं ओळखता?" मॅजिस्ट्रेटांनी विचारलं.

"एकतीस. आमच्या लग्नालाही उशिराच आले होते."

"तारखेला आले नाहीत तर रक्कम तुमच्याकडून वसूल होईल, कल्पना आहे ना?"

"आहे. आमचे हे बँकेत होते. पण ते कुणाला असं स्पष्ट सांगत नसत."

मॅजिस्ट्रेटांनी खाली बघून सही केली. खांदे मात्र हलत होते. कारकुनानं रेशनकार्डाच्या मागे शिक्का मारला, धप्पकन.

आता आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे लिटर, गॅसचा नंबर आणि अप्पाच्या तारखा अशी नोंद असते. तारखा लाल. आदल्या संध्याकाळी ही त्याला फोन करते. परवा तो पेढे घेऊन आला आणि घुटमळत म्हणाला, "वहिनी, यंदा वारीला पायी जाईन म्हणतो."

हिनं आषाढाचं पान उलटून पाहिलं. "मधे तारीख आहे, भावजी. दशमीला एसटीनं जा, द्वादशीला इथे या."

"अहो, पण हा येतोय ना माझ्याबरोबर," अप्पानं माझ्या खांद्यावर हात टाकला. "मग तरी?"

"ह्यांना," ती डबा कपाटात ठेवत म्हणाली, "मी जामीन राहिलेली नाही."