जवाईबापू, हवा लागते का?

यवतमाळ जिल्ह्यातील मुक्कामी पाहुणचाराचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने अतिथीला देव मानणाऱ्या उपनिषदवचनापासून आरंभ न करता थेट पत्र्याच्या कुलरपासून करावा. कारण एप्रिल ते जून या काळात तेथील आतिथ्याची सारी व्यवस्था या एका यंत्राभोवती रचलेली असते, आणि घरात कोणाची किती पत आहे हे रात्री कोण कुलरपासून किती हातांवर झोपतो यावरून बिनचूक ठरवता येते. कुलर म्हणजे पंखा, पाण्याची टाकी आणि एक लहानसा पंप असलेली पेटी. तिच्या तीन बाजूंना वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या ताट्या बसवलेल्या असतात; पंप त्यांच्यावर पाणी सोडतो, पंखा बाहेरची झळ त्या ओल्या ताट्यांतून आत ओढतो, आणि पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडून खोलीत गारवा येतो. हवा कोरडी असेल तरच हे साधते, म्हणून कोकणातील यजमानाला या शास्त्राचा गंधही नसतो.

मुक्कामी पाहुण्यांच्या उतरंडीत जवाई, म्हणजे प्रमाण मराठीतील जावई, सर्वांत वर असल्यामुळे कुलरच्या तोंडाशी घातलेली गादी निर्विवादपणे त्याची असते. गादीवर नवी चादर पडते, उशाशी तांब्या येतो, आणि मग आतिथ्यातील मूळ प्रश्न विचारला जातो : ‘‘जवाईबापू, हवा लागते का?’’ हा प्रश्न सासरे रात्री दहाला विचारतात, साळा साडेदहाला विचारतो, लघुशंकेला उठलेले काकाजी मध्यरात्री विचारतात, आणि डोळा लागलेला असल्यास जागे करून विचारतात. याचे शिष्टसंमत उत्तर ‘‘लागते’’ एवढेच आहे. ‘‘नाही लागत’’ असे भाबडेपणाने म्हणणाऱ्या जवायाच्या उशाशी अर्ध्या रात्री दिवे लागतात, चार माणसे कुलर स्टँडसकट पुढे ओढतात, ताट्यांवर थापा मारल्या जातात, पंप उघडून त्यातील कचरा काढला जातो, शेजारचा जाणकार बनियनवर बोलावला जातो, आणि अखेरीस हवा पूर्वीइतकीच लागत असली तरी ‘‘आता कशी?’’ या प्रश्नावर ‘‘आता मस्त’’ असे सांगण्यावाचून त्याची सुटका नसते.

या विधीतील खरी गंमत दाराची आहे. कुलरने आत ढकललेल्या दमट हवेला समोरून बाहेर पडण्यास वाट लागते. ती नसेल तर हवा खोलीतच कोंडते, दमटपणा वाढतो आणि घाम वाळेनासा होतो. ही गोष्ट जिल्ह्यातील शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तथापि लेक-जवायाच्या खोलीचे दार सताड उघडे ठेवणे कुळाला शोभत नसल्याने ते अदबीने लोटून घेतले जाते, त्यावर पडदा सारला जातो, गारवा वाया जाऊ नये म्हणून फटीला गोणपाट लावले जाते, आणि सन्मानाची परिसीमा म्हणून पंखा सर्वांत मोठ्या वेगावर ठेवला जातो. परिणामी घरातील सर्वांत मानाचा मनुष्य सर्वांत जास्त उकडतो, तर दाराबाहेर फरशीवर पडलेली बिनमानाची मंडळी घोरत असतात.

पंचांगही या कामी यजमानाला साथ देते. चांद्रवर्ष सौरवर्षाहून सुमारे 11 दिवसांनी लहान असल्यामुळे साधारण 32 ते 33 महिन्यांनी एक महिना जास्तीचा धरतात; त्याला अधिक मास किंवा धोंड्याचा महिना म्हणतात, आणि त्यात जवायाला बोलावून अनारशांचे वाण देण्याची रीत आहे. 2018 साली हा महिना ज्येष्ठात, म्हणजे 16 मे ते 13 जून या काळात आला. 25 मेपासूनचे रखरखीत नऊ दिवस, ज्यांना नवतपा म्हणतात, ते पूर्णपणे त्यातच पडले. आणि त्याच उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरवणाऱ्या निळोणा आणि चापडोह या दोन्ही धरणांनी तळ गाठला होता, तर बेंबळा धरणाहून येणारी जलवाहिनी पुरी झालेली नव्हती. लोक टँकरच्या मागे हंडे घेऊन धावत होते. अशा शहरात जवाई उतरले, आणि पिण्यास जे पाणी मोजून मिळत होते ते त्यांच्या पाठीमागच्या ताट्यांवरून हवेत उडून गेले. 2026 साली अधिक ज्येष्ठ पुन्हा 17 मे ते 15 जून असा पडतो, तेव्हा अभ्यासकांनी वह्या तयार ठेवाव्यात.

मात्र या साऱ्या वर्णनात कुलरची टाकी आपोआप भरते असा जो समज होतो, तो खोटा आहे. कुलरची टाकी बाई भरते. दिवसभर चुलीशी पुरण वाटून, अनारसे तळून झाल्यावर, ड्रमच्या तळाशी वाकून, तांब्यातांब्याने बादली भरून ती बाई रात्री अकराला एकदा आणि पहाटे पंप कोरडा घरघरू लागला की पुन्हा एकदा कुलर भरते, आणि मग स्वयंपाकघरात, जेथे खिडकी नाही आणि ओट्याची धग उतरलेली नाही, तेथे पदर तोंडावर घेऊन आडवी होते. तिला हवा लागते का, हे आजवर एकाही सासऱ्याने, साळ्याने किंवा काकाजीने विचारलेले नाही. पाहुणचाराचा डंका पिटणाऱ्या या थोर संस्कृतीला तिच्या घामाची एवढी सवय झाली आहे, की तो तिला दिसत तर नाहीच, पण वासही येत नाही; आणि वर सकाळी जवायाच्या देखत ‘‘टाकी रिकामी कशी राहू दिली?’’ म्हणून तिलाच झापले जाते. अशा आतिथ्याला आग लावावी.

काही समंजस जवाई यावर तोड म्हणून गच्चीवर बाज टाकून मागतात. तेथे उघड्यावर रात्री खरोखरच वारा असतो, पाणी लागत नाही, वीज लागत नाही, दारही लोटता येत नाही. यजमान प्रथम दुखावतात, नंतर आपसांत मसलत करतात, आणि शेवटी दोन माणसे कुलर उचलून गच्चीवर नेतात, खालच्या खोलीतून लांब वायर ओढून तो उघड्या आभाळाखाली जवायाच्या तोंडावर चालू करतात, आणि जिन्याच्या तळाशी उभे राहून बादली वर पाठवायला सांगतात.