नापास चिखल

आमच्या वरच्या मजल्यावरचे नाना चिंचवडच्या एका मोटार कारखान्यात पेंट शॉपच्या तपासणीवर होते. ट्यूबलाइटच्या रांगेखाली गाडीचं दार तिरपं बघायचं, त्यावरून बोट फिरवायचं आणि रंगात धुळीचा एक कण अडकलेला दिसला की त्याभोवती गोल काढून म्हणायचं, "नापास." घरीही तोच खाक्या. स्कूटर रोज पुसलेली, काकूंचे पितळी डबे असे की त्यात बघून भांग पाडावा. असा हा माणूस निवृत्त झाला आणि चिखल करायला बसला.

चिखल रणगाड्यांवर. प्लास्टिकचे, वीतभर लांबीचे, एकास पस्तीस प्रमाणाचे. हे पस्तीस कुठून आलं, ते घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला चहाआधी ऐकावं लागतं. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाडा काढला. तो चालायचा, म्हणजे पोटात मोटर आणि सेल मावायला हवेत. ते मावतील एवढा केला, मग मोजलं, तर पस्तीस आले! "सेलांनी ठरवलेलं माप आहे हे," नाना सांगतात. पाहुणा मान डोलावतो आणि स्वयंपाकघराकडे बघतो.

जोडणी चार दिवसांत उरकते, रंगही. पण नवाकोरा रणगाडा टेबलावर उभा राहिला की नानांना तो बघवत नाही. "लग्नाला निघालाय का हा?" असं म्हणून ते बाह्या सरसावतात. तिथून पुढचे दोन महिने ते त्याला जुना करतात.

सध्या १९४१चा जर्मन पँझर चालू आहे. लिबियात उतरलेल्या या रणगाड्यांच्या अंगावर युरोपातला गर्द करडा रंग होता. वाळवंटात त्यावर वाळूचा पिवळा चढवला गेला. वरचा पिवळा झिजला की खालून करडा डोकावणार. तो डोकावावा म्हणून मध्ये हेअर स्प्रेचा थर लागतो. करडा रंग, त्यावर स्प्रे, त्यावर पिवळा. मग पाणी लावून ताठ ब्रशने घासलं की स्प्रे विरघळतो आणि पिवळ्याचे टवके उडतात. नाना स्प्रे आणायला गेले तेव्हा दुकानदाराने त्यांच्या तुळतुळीत टकलाकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "गिफ्ट पॅक करू?"

टवके कुठे उडवायचे यालाही शास्त्र आहे. माणसाचा बूट जिथे पडतो तिथे, म्हणजे झाकणाच्या कडेला आणि चढायच्या जागी. "पाच माणसं चढतात-उतरतात यातून," नाना मला दटावतात, जणू मीच भलतीकडून चढलो. मग टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला तपकिरी तैलरंग अणकुचीदार ब्रशने एकेका रिव्हेटच्या बुडाशी सोडायचा. त्याआधी चकचकीत वार्निश हवं, नाहीतर रंग पळत नाही, जागीच डाग धरतो. मग गंजाचे ओघळ: रंगाचा एक ठिपका द्यायचा आणि ओलसर ब्रशने खाली ओढायचा. खालीच! परवा एक ओघळ किंचित तिरपा गेला. नानांनी भिंग लावून बघितलं, "नापास" म्हणाले आणि पुसून टाकला. पुन्हा काढायला रात्रीचे अकरा वाजले.

मातीची कथा निराळी. नाना गावोगावची माती आणतात, तव्यावर भाजतात, चहाच्या गाळणीतून गाळतात आणि शेवटी वस्त्रगाळ करतात. कारण एक मिलिमीटरचा खडा राहिला तर पँझरवाल्यांच्या दृष्टीने तो लिंबाएवढा धोंडा. काकू थालीपिठाच्या भाजणीचा डबा आता कपाटात कुलपात ठेवतात. गाळण्या दोन आहेत. वेगळी ओळखू यावी म्हणून एकीला लाल दोरा बांधलाय. तरी मी त्या घरात चहा जपूनच पितो.

एकदा सोसायटीची सहल नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेली, नानांच्याच आग्रहाने. मुलं रणगाड्यांभोवती नाचली, मोठ्यांनी फोटो काढले. नाना मात्र हिरमुसून झाडाखाली बसले. रणगाडे इतके निगुतीने राखलेले, की त्यांच्या पदरात काहीच पडेना. परतीच्या वाटेवर एका धाब्यामागे गंजलेला ट्रॅक्टर दिसला, तेव्हा कुठे चेहरा खुलला. त्याचे चाळीस फोटो त्यांच्या फोनमध्ये आहेत. नातीचे असतील दहा-बारा.

सोसायटीचं फाटक रंगवायचा ठराव त्यांच्यामुळेच दोनदा बारगळला. कड्याखालचा गंज त्यांना "नमुन्यासाठी" हवा होता.

गेल्या महिन्यात त्याच फाटकाला माझी नवी गाडी घासली. दारावर हातभर ओरखडा. मी डोक्याला हात लावून उभा असताना नाना भिंग घेऊन खाली आले आणि उकिडवे बसले. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पत्र्यापर्यंत गेलाय. कडेला प्रायमर कसा दिसतोय बघ! असा हाताने काढायला मला आठवडा लागला असता." आणि खांद्यावर हात ठेवून, "पास."

दुरुस्तीची तारीख त्यांनी गॅरेजवाल्याला परस्पर फोन करून पुढे ढकलली आहे. ओघळ उतरायला एक पावसाळा लागतो, आणि यंदा पाऊस उशिरा आहे.