आधी फुगा, मग गाल

लागणारं सामान: एक रेझर, एक ब्लेड, ब्रश, साबण, वाटीभर कोमट पाणी, तुरटीचा खडा आणि डझनभर फुगे. शेवटची वस्तू वाचून गोंधळू नका, आणि ती कुठे मिळेल असं डहाणूत तरी कुणाला विचारू नका. फुग्यांचे कारखाने असलेलं आमचं गाव. इथे फुग्याचा पत्ता विचारणं म्हणजे घोलवडला उतरून चिकू कुठे मिळतो म्हणण्यासारखं आहे.

पायरी पहिली. फुगा गच्च फुगवा, डाव्या हातात धरा, त्याला ब्रशने फेस लावा आणि रेझरने तो फेस उतरवा. सलूनमध्ये नवा पोरगा लागला की वस्तऱ्याचा हात बसेपर्यंत त्याच्याकडून हेच करून घेण्याची जुनी रीत आहे. चूक झाली तर गाल निदान गुपचूप रक्ताचा ठिपका दाखवतो. फुगा आख्ख्या चाळीला कळवतो. माझे पहिल्या रविवारी चार फुटले. पाचव्याला हात घातला तेव्हा आतून आवाज आला, "अहो, दाढी करताय की दिवाळी?"

ते चारही वडिलांच्या रेझरने फुटले, माझ्या नव्हे, एवढं नोंदवून पुढे जातो.

पायरी दुसरी: रेझर निवडणे. दांड्याची नक्षी, चकाकी, डबीचं मखमली अस्तर यांकडे ढुंकूनही बघू नका. बघायचं ते डोकं. हे मला दाढीवाल्या कुणी नाही, एका डायवाल्याने शिकवलं. आमच्याकडे चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात सोन्याच्या दागिन्यांचे डाय, म्हणजे साचे, कोरण्याचं काम बऱ्याच घरांत चालतं. केसाएवढ्या रेघेवर दिवस काढणारी ही माणसं. तिथल्या एका मित्रापुढे मी माझे चार रेझर मांडले. त्याने डोळ्याला भिंग लावलं, एकेक डोकं उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "ह्यात दाढीचं काय आहे? हे सगळं फटीचं काम आहे."

खरं होतं ते. वर टोपी, खाली पट्टी, मध्ये चिमटीत धरलेली ब्लेड. ब्लेड जेमतेम ०.१ मिलिमीटर जाड, म्हणून टोपीखाली ती वाकते. तिची धार आणि खालची पट्टी यांच्यात जी फट राहते, तिच्यावर अर्धी दाढी ठरते. फट मोठी असेल तर कातडी तिच्यात किंचित फुगून वर येते, केस मुळाशी कापला जातो, आणि कधी कधी कातडीही. उरलेली अर्धी दाढी धार किती बाहेर डोकावते त्यावर. टोपीपासून पट्टीपर्यंत मनातल्या मनात एक सरळ रेघ ओढा. धार रेघेच्या आत राहिली तर रेझर मवाळ, बाहेर आली तर जहाल.

नवशिक्याने मवाळ पक्षात जावं असं सगळेच सांगतात. मीही सांगतो, पण एक धोका कानावर घालून. मवाळ रेझर खुंट मागे ठेवतो. हात फिरवला की हनुवटी खरखरीत लागते, आणि मग माणूस रेझर दाबायला लागतो. दाबला की कातडी फटीत घुसते आणि मवाळ रेझरनेही गळाभर लाल पुरळ उठतं. जहाल रेझरला माणूस घाबरतो, म्हणून हलका हात ठेवतो. माझ्या गळ्यावरच्या बहुतेक खुणा मवाळांनी केलेल्या आहेत.

आता दातांविषयी. जिलेटचे पहिले रेझर फणीचे होते, पट्टीच्या जागी दाते. किंग कॅम्प जिलेट यांनी १९०१ साली कंपनी काढली, १९०३ मध्ये विक्री सुरू केली आणि त्या वर्षी खपले ५१ रेझर आणि १६८ ब्लेड. डहाणू रोडच्या एखाद्या दुकानदाराने यापेक्षा जास्त खपवले असतील. १९०४ मध्ये पेटंट मिळालं आणि मग त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. अर्थात धारेपुढे कुंपण घालायची युक्ती त्याहून जुनी. अठराव्या शतकात पॅरिसच्या पेरे नावाच्या कारागिराने वस्तऱ्याला लाकडी कुंपण बसवलं, आणि ते त्याला सुताराच्या रंध्यावरून सुचलं असं सांगतात. फळीवर रंधा मारलेला असेल तर तुम्हाला सेफ्टी रेझर निम्मा येतो.

फणीच्या दातांमधून फेस आणि लांब केस सुरळीत जातात. म्हणून आठवडी बाजाराच्या दिवशीच गालाला ब्लेड लावणाऱ्यांसाठी फणी उत्तम. निवृत्तीनंतर मीही त्याच पंथात आहे. रोज करणाऱ्याला सलग पट्टी बरी, ती कातडी ताणून धरते. फणी म्हणजे जहाल, असा मात्र सार्वत्रिक समज आहे. मित्राने फीलर गेज घालून पाहिलं तर माझ्या फणीवाल्याची फट पट्टीवाल्यापेक्षा कमी भरली. दात दाखवणारा प्रत्येक जण चावतोच असं नाही.

तिरका रेझर हा खास विषय. यात ब्लेड पिळून बसवतात, एक टोक खाली, एक वर. पाहणाऱ्याला वाटतं रेझर पडून वाकडा झालाय. त्यामागचं कारण कळायला पावसाळ्यानंतर तलासरीकडे जा. विळा गवतावर सरळ हाणत नाहीत, तिरका ओढतात. कमी जोरात जास्त कापलं जातं. (याच गवतकापणीच्या मजुरीसाठी १९४५ मध्ये वारल्यांनी संप केला. मागणी होती ५०० पौंडांना अडीच रुपये, आणि त्या लढ्यात गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. गवताचा विषय निघाला की इथे दाढी मागे पडते.) तिरक्याने केलेली दाढी संध्याकाळपर्यंत गुळगुळीत राहते. पण तिरकेपणा रेझरमध्येच आहे, तुम्ही हाताने आणखी भर घातलीत तर तुरटी जवळ ठेवा.

वडिलांचा होता फुलपाखरी. दांड्याच्या बुडाची कळ फिरवली की रेल्वे फाटकासारखी दोन दारं वर उठतात, ब्लेड टाका, कळ उलटी फिरवा. सोयीला तोड नाही. पण साबणाचा राप बसला की एक दार दुसऱ्याआधी मिटतं, ब्लेड एका बाजूला जास्त डोकावते, आणि रेझर एका कडेने मवाळ, दुसऱ्या कडेने जहाल होतो. चार फुग्यांचा खुलासा इथे झाला. आकडे फिरवून फट कमीजास्त करता येणारे रेझरही आहेत. जिलेटने १९५८ मध्ये काढलेल्यावर १ ते ९ आकडे होते. नवशिक्याने १ वर सुरुवात करावी. प्रत्येक नवशिक्या ९ वर करतो.

राहिली प्लॅस्टिकची बहुपाती मंडळी. १९७१ मध्ये दोन पाती आली, १९९८ मध्ये तीन, २००६ मध्ये पाच. पहिलं पातं केस ओढतं, तो आत सरकायच्या आधी पुढचं त्याला कापतं. गाल लोण्यासारखा होतो खरा, पण केस कुरळे असतील तर कातडीखाली कापलेला खुंट आतल्या आत वळतो आणि चार दिवसांनी केसतोड होतो. शिवाय पात्यांच्या सांदीत केस अडकतात ते वेगळंच. जिलेटने भारतासाठी केलेला एक रेझर आधी अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय मुलांना दिला होता. त्यांना तो आवडला. इथे आल्यावर तुंबायला लागला, कारण तिकडे मुलं नळाच्या धारेखाली रेझर धूत होती आणि इथला माणूस वाटीभर पाण्यात बुचकळत होता. मग कंपनीची माणसं घरोघरी जाऊन दाढ्या बघत बसली आणि २०१० मध्ये एकाच पात्याचा रेझर आला, किंमत १५ रुपये, पातं ५ रुपयांना. चाळीस वर्षं चढत गेलेली पाती शेवटी एका वाटीने उतरवली.

पायरी तिसरी, जी पहिलीच्या आधी हवी होती: पाणी. किनाऱ्याकडच्या बोअरचं पाणी जड, साबण लावला की फेसाऐवजी दह्यासारखं काहीतरी होतं. ते दाढीला घेऊ नका, पिण्याच्या पाण्यातलं वाटीभर घ्या आणि घरच्यांची नजर चुकवा. गाल दोन-तीन मिनिटं ओला ठेवा. भिजलेला केस मऊ पडतो. मऊ म्हणून त्याला कमी लेखू नका. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं की केस ब्लेडच्या पोलादापेक्षा पन्नासेक पटींनी मऊ असूनही धारेचे कपचे पाडतो.

पायरी चौथी. ब्लेड गालाशी साधारण ३० अंशांत. जोर शून्य, रेझरचं वजनच पुरतं. आधी केस वाढतात त्या दिशेने, मग आडवं. गळ्यावर उलटा हात मारायचा मोह पहिला महिनाभर आवरा. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणू रोडहून चर्चगेटची लोकल सुरू झाली, तेव्हापासून इथले कितीतरी जण अंधारातच उठून दाढ्या उरकतात. त्यांनी तिरका रेझर आणि ९ चा आकडा रविवारसाठी राखून ठेवावा.

पायरी पाचवी फक्त आमच्या भागासाठी. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडीच्या परिसरात जमीन हादरत आली आहे. लोकांनी थंडीच्या रात्री तंबूत काढल्या, घरांच्या भिंती तडकल्या. यात हसण्यासारखं काही नाही. हसायचं ते मला हसा. तिकडे एका नातेवाइकांकडे मुक्कामाला होतो. सकाळी खिळ्याला टांगलेल्या आरशात बघून डावा गाल संपवला, उजव्याला रेझर टेकवला, आणि आरसा सरकला. आधी वाटलं हात थरथरला. मग पत्रे वाजले. तसाच बाहेर धावलो. तोवर सगळी वस्ती अंगणात आली होती, पोरं, म्हातारी माणसं, एक शेळी. रेझर माझ्या मुठीत तसाच. गाल चाचपून पाहिला तर एक चीर नाही.

समोरच्या घरातून एक गृहस्थ बाहेर आले. बनियन, खांद्यावर टॉवेल, डाव्या गालावर फेस. आम्ही दोघे बराच वेळ जमिनीकडे बघत उभे राहिलो. ती थांबली असं वाटल्यावर त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं.

"फणीचा आहे का?" त्यांनी विचारलं.