तेव्हाच घ्यायला हवं होतं

पुण्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या कट्ट्यावर सकाळी हे काका सापडतात. बँकेतून निवृत्त, डोक्यावर माकडटोपी, पायात मुलाने अमेरिकेहून आणलेले बूट. बाणेर-बालेवाडीचा विषय निघायचा अवकाश, काकांचा हात कपाळाकडे जातो. "अहो, फुकट जात होती जमीन. फुकट!"

फुकट अर्थातच नव्हती. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडासंकुल उभं राहिलं, तेव्हा काकूंना स्कूटरवर मागे बसवून काका स्पर्धा बघायला गेले होते. वाटेत एका ओळखीच्याने रस्त्यालगतचा तुकडा दाखवला. काकांनी चहूकडची शेतं न्याहाळली, चपलेच्या टोकाने एक ढेकूळ उडवलं आणि निकाल दिला, "इथे कोण मरायला येणार राहायला?" पुढे शेजारी हिंजवडीत आयटी पार्क झालं. कोण कोण राहायला आलं, ते आता रोज संध्याकाळी वाहतूक कोंडीत मोजता येतं.

दुसरी जखम इन्फोसिसची. फेब्रुवारी १९९३ मध्ये तो शेअर ९५ रुपयांना विक्रीला आला, तेव्हा त्याला पुरेसे अर्जसुद्धा आले नव्हते. जूनमध्ये बाजारात नोंदणी झाली ती १४५ रुपयांवर. नंतर बोनसवर बोनस. शंभर शेअर घेतले असते तर आज किती झाले असते, हे गणित काका लग्नपत्रिकांच्या पाकिटांवर मांडतात आणि शून्यं मावली नाहीत की पाकीट उलटं करतात.

"शंभर शेअरचे साडेनऊ हजार आणणार कुठून होतात? फ्रिजचे हप्ते चालू होते आपले," काकू आतून आठवण करून देतात. असल्या किरकोळ बाबी काका हिशेबात धरत नाहीत.

"मला तेव्हाच वाटलं होतं," हे त्यांचं पालुपद. हा आजार काकांपुरता नाही. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाच्या दौऱ्यावर निघाले, तेव्हा बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना, तिथे काय काय घडेल याचे अंदाज विचारून ठेवले. दौरे आटोपल्यावर तेच अंदाज आठवायला सांगितले. जे प्रत्यक्षात घडलं, ते घडेल याची आपल्याला आधीपासून बरीच खात्री होती, असंच अनेकांना आठवलं. काकांना हे सांगितलं तर म्हणतील, "हे मी केव्हापासून सांगतोय."

गेल्या दिवाळीत मात्र नातीने त्यांना पेचात पकडलं. पाकिटावर मधोमध रेघ ओढून तिने विचारलं, "आजोबा, जे घेतलं नाहीत आणि बुडालं, ते कुठे लिहायचं?" काका गप्प. मग काकूंनीच सुरुवात केली. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या घरात गेला होता, तेव्हा भाचा म्हणत होता, पीएफ काढा आणि शेअरमध्ये घाला. महिनाभरात हर्षद मेहताचं शेअर घोटाळ्याचं प्रकरण फुटलं आणि बाजार कोसळला. नव्वदच्या दशकातल्या त्या सागवानाच्या योजना. लोकांचे पैसे गेले, सागही दिसला नाही. युनिट ट्रस्टच्या युनिट ६४ योजनेत निवृत्तीची पुंजी ठेवायची होती. जुलै २००१ मध्ये त्याची खरेदी-विक्रीच थांबली. दर वेळी काका म्हणाले होते, "जरा थांबू." रेघेची उजवी बाजू भरत गेली.

खाली काकूंनी आणखी एक नोंद करायला लावली. २००० साली सोनं तोळ्याला साडेचार हजारांच्या आसपास होतं. "भाव उतरू दे," असं काका म्हणत असताना काकूंनी भिशीच्या पैशांतून दोन बांगड्या करून घेतल्या होत्या. २०२५ मध्ये तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडला.

तेव्हापासून काकांनी बालेवाडीचं नाव सोडलं आहे. कट्ट्यावर आता वेगळं आख्यान लागतं: हर्षद मेहताच्या तडाख्यातून, सागवानातून आणि युनिट ६४ मधून आपण केवळ दूरदृष्टीमुळे कसे वाचलो. "मला तेव्हाच वाटलं होतं," हे आहेच. मंडळींनी पलीकडच्या बागेत बसायला सुरुवात केली आहे. परवा त्यातल्या एकाने मुळशीकडे एक प्लॉट निघाल्याचं सांगितलं. काकांनी कागदपत्रं चाळली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "तिकडे कोण जाणार राहायला?"